घरं संपतील तिथवर

क्वामेदासो किती वाढलं हे सरकारला दहा वर्षांतून एकदा कळायचं. ओपानिन आज्यार्कोंच्या गुडघ्यांना दर आठवड्याला कळायचं.

आज्यार्को गावचे दवंडीवाले, आणि ‘ओपानिन’ म्हणजे वडीलधारे. लोखंडाची जोडघंटा त्यांच्या मामांच्या हातात होती तेव्हा सात नाक्यांवर उभं राहून हाळी दिली की गाव संपायचं. मामा चुलीवर कच्ची केळी उकडत ठेवून निघायचे आणि ती मऊ व्हायच्या आत परत यायचे. रीतीप्रमाणे घंटा भाच्याकडे आली तेव्हा नाके अकरा झाले होते. मग कुमासी शहर फुगायला लागलं. ज्यांना शहरात खोली परवडेना ते बाहेर सरकले, उत्तरेकडून आलेले त्यांच्याही बाहेर सरकले, परदेशात टॅक्सी चालवणाऱ्या मुलांनी आईसाठी बंगले बांधायला घेतले आणि छपरापर्यंत येऊन थांबवले. कोकोच्या बागा गेल्या. व्हॅनवाले ज्या जागेला ‘शेवटचा थांबा’ म्हणत, तिच्या पुढं दोन वर्षांत ‘नवा शेवटचा थांबा’ झाला. आता त्याच्याही पुढच्या एका वळणाला लोक ‘खरा शेवटचा थांबा’ म्हणायला लागले होते. त्यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

आज्यार्कोंचे नाके झाले अडतीस. वय झालं एकसष्ट. पहाटे घंटा उचलून निघालेले आज्यार्को परत यायचे तोवर त्यांच्या बायकोची, कोनामाची, बाजरीची पेज आणि चवळीचे वडे विकून संपलेले असायचे, आणि ती भांडी घासता घासता म्हणायची, “आलात? मला वाटलं तिकडंच एखादी खोली भाड्यानं घेतलीत.”

पण एकही नाका गाळायची सोय नव्हती. गावचा नियम पक्का होता: ज्याच्या कानावर घंटा पडली नाही, त्याला दंड नाही. जुन्या गावात हा नियम म्हणजे न्याय होता. नव्या गावात ती पळवाट झाली. गुरुवारी शेताला कोयता लावायचा नसतो, म्हणून गावसफाई गुरुवारी. आणि गुरुवार आला की नव्या वस्तीतली धडधाकट माणसं अचानक बहिरी व्हायची.

त्या वर्षी डिसेंबरात सफाईला एकोणऐंशी माणसं आली. गावचे प्रमुख नाना अम्पोन्सेम आसनावर बसण्याआधी वीस वर्षं विमा कंपनीत होते; आकडे त्यांना झोपेतही टोचायचे. दरबारात नाना स्वतः बोलत नसत. ते काठीवाल्या ब्रेफोंच्या कानाशी पुटपुटत, आणि ब्रेफो ते धुऊन, इस्त्री करून लोकांपुढं ठेवत.

नाना बराच वेळ पुटपुटले. त्यात ‘गाढव’ हा शब्द सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला.

“नाना प्रेमानं विचारतात,” ब्रेफो म्हणाले, “मागच्या वर्षी घरं कमी होती तेव्हा एकशे दहा माणसं आली. यंदा घरं वाढली आणि माणसं घटली. हे गणित कसं, ओपानिन?”

“घरं वाढली की लपायला जागाही वाढते, नाना,” आज्यार्को म्हणाले. “नव्या शेवटच्या थांब्याची चौसष्ट घरं आहेत. तिथं गेलो की म्हणतात, आम्ही तुमचे नाही, आम्ही पलीकडच्या असुफुआचे. मग मी मागं फिरतो.”

नाना पुन्हा पुटपुटले.

“नानांचा हुकूम आहे,” ब्रेफो म्हणाले, “मागं फिरायचं नाही. कोण कुणाचा हे विचारायचं नाही. घरं संपतील तिथवर जायचं आणि एकही छप्पर सोडायचं नाही.”

हुकूम झकास होता. त्यात खोट एवढीच होती, की तो देणाऱ्याला गावाची शीव आठवत होती लहानपणची: शेवटचं घर, मग बांबूचं बेट, मग अर्धा तास नुसतं रान, मग कुठं असुफुआ. नाना हल्ली त्या बाजूला जायचे ते मोटारीतून, काचा वर करून.

पुढच्या बुधवारी पहाटे आज्यार्को निघाले. हरमॅटनचे दिवस. उत्तरेकडची धूळ अशी उतरली होती की हातातली घंटा दिसायची, घंटेपुढचं काही दिसायचं नाही. अडतीस नाके झाले. एकोणचाळिसाव्याला, नव्या शेवटच्या थांब्यावर, त्यांनी घंटा वाजवताच खिडकीतून मॅडम एन्योनामचं डोकं बाहेर आलं. ही शिंपीण समुद्राकडच्या केटाची. चार वर्षांपूर्वी एक शिलाई मशीन आणि तीन मुलं घेऊन आली होती. आता मशिनी पाच होत्या आणि गल्लीची वकिलीही तिच्याकडेच होती.

“ओपानिन, सकाळी सकाळी चुकलात. ही गल्ली असुफुआची.”

“आज गाव विचारायचा हुकूम नाही, बाई. घरं संपेपर्यंत जायचा आहे.”

“मग घरी सांगून आलात ना?”

आज्यार्कोंना तिचं बोलणं तेव्हा खोचक वाटलं. चाळिसाव्या, एक्केचाळिसाव्या नाक्यापर्यंत खरं वाटायला लागलं. छपरामागून छप्पर निघत होतं. टायरवाला, चर्च, सिमेंटच्या विटा पाडणारा, पुन्हा चर्च, केस विणणारीची टपरी, अजून एक चर्च. धुळीत एक घर संपायचं आणि पुढच्याचा कोंबडा आरवायचा. आज्यार्को हुकमाचा माणूस. ते चालत राहिले. सेहेचाळिसावा नाका. मग एक लांबलचक भिंत लागली. भिंत म्हणजे घर, घर म्हणजे नाका. खिडकीखाली उभं राहून त्यांनी घंटेवर दणदणीत तीन टोले हाणले.

“ऐका हो ऐका! नाना अम्पोन्सेमांचा हुकूम! प्रत्येक मोठ्या बाईनं, बाप्यानं उद्या कोयता घेऊन गटारापाशी हजर व्हायचं! जो येणार नाही त्याला दंड!”

खिडकी उघडली. कमरेला झोपेतलं कापड, तोंडात दात घासायची काडी. बाहेर डोकावलेला माणूस असुफुआचे प्रमुख नाना असियामा होते.

त्यांनी काडी काढली. “कोयता नाही माझ्याकडे,” ते म्हणाले. “फावडं चालेल का?”

आज्यार्कोंचे गुडघे त्या दिवशी पहिल्यांदाच थकव्याशिवाय वाकले.

पाच मिनिटांत असुफुआचा दवंडीवाला कांकाम मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून आला. हा कांकाम म्हणजे आज्यार्कोंच्याच वयाचा आणि त्यांच्या दुप्पट रुंदीचा गृहस्थ. वीस वर्षांत तो कधी पायी फिरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

“आज्यार्को, अरे, माझ्या राजाच्या खिडकीखाली?” तो म्हणाला. “त्यापेक्षा स्वयंपाकघरात येऊन भात तरी मागायचास.”

आणि त्यानं घंटा काढून घेतली.

दुसऱ्याच्या गावात हुकमाची घंटा वाजवणं म्हणजे ते गाव आपलं म्हणून सांगणं. निरोप आला: रविवारी नाना अम्पोन्सेमांनी यावं, मेंढा आणावा, माफी मागावी, नाहीतर घंटा इथंच राहील. आणि ज्याची घंटा परक्या गावात राहिली तो दवंडीवाला राहत नाही, ही रीत दोन्ही गावांना ठाऊक होती. दवंडीच्या जागी लावायचे भोंगे विकणारा एक माणूस गुरुवारीच दरबाराबाहेर येऊन बसला. बातमी त्याला कुणी दिली, देव जाणे.

कोनामानं सगळं ऐकून घेतलं, शेवटचा वडा नवऱ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, “जन्मभर मी सांगत होते, जरा पुढं जा, पुढं जा. एकदा गेलात तर थेट राजाच्या बिछान्यापर्यंत!”

“चेष्टा नको गं. मामांची घंटा आहे ती.”

“मग तोंड पाडून काय होतंय? रविवारी त्यांना एवढंच विचारा, तुमचं गाव कुठून सुरू होतं? माझ्या गाड्यावर दोन्ही गावचे लोक पेज प्यायला येतात. आजवर एकालाही धड सांगता आलेलं नाही.”

रविवारी चर्च सुटल्यावर असुफुआच्या मांडवात दोन्हीकडची मंडळी जमली. दोन नाना, दोन काठीवाले, दोन रंगीत छत्र्या. मध्ये टेबलावर घंटा. मेंढा आणला नव्हता. नाना अम्पोन्सेमांचं म्हणणं असं, की आधी शीव दाखवा, मग मेंढ्याचं बघू.

“शीव?” असुफुआचे एक म्हातारबुवा म्हणाले. “ओढा ना!”

“ओढ्यावर स्लॅब पडलाय, आजोबा. त्यावर गॅरेज आहे.”

“मग ते मोठं सावरीचं झाड.”

“त्याच्या फळ्या करून चर्चचे बाक केले. सकाळी त्यावरच बसला होतात.”

“मग न्तोमे तर आहेत?” म्हातारबुवा चिडून म्हणाले. “आपल्या वाडवडिलांनी शिवेवर लावलेली रोपं. शिवेशिवाय ती कुणी लावत नाही!”

या रोपांवर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत झालं. न्तोमे जिथं, तिथं शीव. सगळी वरात शीव शोधायला नव्या शेवटच्या थांब्याकडे निघाली. पुढं छत्र्या, मागं नाना, त्यांच्या मागं आज्यार्को रिकाम्या हातानं, आणि घंटा काखोटीला मारून कांकाम, ज्याला नाइलाजानं पायी चालावं लागत होतं.

गल्लीच्या तोंडाशी पहिलं न्तोमे सापडलं. लांब पानांचं, उंच, तजेलदार. असुफुआवाल्यांनी जल्लोष केला. तेवढ्यात समोरच्या फाटकापाशी दुसरं दिसलं. मग तिसरं. टायरवाल्या मालम इलियासूच्या दारात दोन्ही बाजूंना एकेक, एन्योनामच्या कुंपणाला तर ओळीनं चौदा. गल्लीभर, जिकडं बघावं तिकडं शीव.

“हे कुणी लावलं?” दोन्ही काठीवाले एकदमच ओरडले.

“मी,” एन्योनाम मापाची फीत गळ्यात घालून बाहेर आली. “त्या कोपऱ्यावर झाड होतं, फांदी तोडून खोचली. छान जगतं, पाणीसुद्धा लागत नाही. मग सगळ्यांनीच नेल्या. का, मनाई आहे का?”

बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. नाना असियामांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं. नाना अम्पोन्सेम इतके वैतागले की ब्रेफोंना वगळून स्वतःच बोलले, “अहो बाई, ते राहू दे. तुम्ही कोणत्या गावच्या?”

एन्योनामनं तोंड उघडलं आणि मिटलं. एका बाजूला क्वामेदासोचे नाना, दुसऱ्या बाजूला असुफुआचे. चार वर्षांत ही वेळ तिच्यावर आली नव्हती.

आज्यार्कोंना त्या क्षणी एक गोष्ट लखकन दिसली. एन्योनाम गप्प होती. ज्या बाईनं घाऊक कापडवाल्यालासुद्धा कधी शेवटचा शब्द घेऊ दिला नव्हता, ती गप्प. त्यांनी कांकामकडं वळून विचारलं, “कांकाम, तू या गल्लीत घंटा वाजवतोस तेव्हा हे लोक काय सांगतात?”

“काय सांगणार? क्वामेदासोचे आहोत म्हणतात. म्हणून तर मी इथं वाजवत नाही.”

“मला सांगतात असुफुआचे आहोत.”

दोघं म्हातारे बोटांवर वार मोजू लागले. असुफुआची सफाई मंगळवारी. क्वामेदासोची गुरुवारी. चौसष्ट घरं मंगळवारी क्वामेदासोची होती, गुरुवारी असुफुआची, आणि उरलेले दिवस आपापल्या मालकीची.

“चार वर्षं!” कांकाम म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि आदर जास्त होता.

“हो, चार वर्षं,” एन्योनाम म्हणाली. पकडली गेल्यावर तिचा गळा मोकळा झाला. “आम्ही आलो तेव्हा कुणी विचारलं का, बाई, कुठून आलीस, कुणाची आहेस? रस्ता खचला तेव्हा दोन्ही गावांना कळवलं. दोघंही म्हणाले, तो भाग त्यांचा. आमची आठवण कधी येते, तर कोयता हातात धरायला माणूस हवा तेव्हा. मग आम्हीही म्हटलं, तो भाग त्यांचा.”

गल्लीतनं हशा आणि टाळ्या. दोन्ही नानांनी एकाच वेळी त्या चौसष्ट छपरांकडं पाहिलं, आणि विमा कंपनीत नसलेल्या नाना असियामांनाही हिशोब जमला. चौसष्ट घरं म्हणजे पाचशेवर माणसं. आता माफी आणि मेंढा दोन्ही मागं पडले.

“आमच्याकडे दवाखाना आहे,” नाना असियामा सहज म्हणाले.

“आमच्याकडे शाळा आहे,” नाना अम्पोन्सेम म्हणाले, “आणि तुमच्या दवाखान्यात गुरुवारी नर्सच नसते.”

“रस्ता कोण करणार?” मालम इलियासूनं विचारलं. मोटारी खड्ड्यात पडल्या तर त्याचा धंदा चालायचा, तरी त्यानं विचारलं, हे त्याचं मोठेपण.

“आम्ही!” दोन्ही बाजूंनी उत्तर आलं.

सगळे खुशीत, आणि घंटा अजून कांकामच्या काखेत. आज्यार्को पुढं झाले. त्यांनी पायातल्या टायरच्या चपला काढल्या आणि नाना असियामांपुढं वाकले.

“नाना, खिडकीखाली ओरडलो, ती माझी चूक. तुमची झोप मोडली, माफ करा. पण मी तुमच्या गावात शिरलो नाही. मी नेहमीच्या चालीनं चाललो होतो. घरांनीच मला आणून सोडलं. घंटा ठेवून घ्या, पण मग उद्या ही पाचशे माणसं बोलावणार कोण? कांकामची मोटारसायकल त्या खड्ड्यांतून येत नाही.”

“येते की!” एन्योनाम मध्येच म्हणाली. तिला आता खरं बोलायची चटक लागली होती. “मागच्या सोमवारी आली होती. धुळीत रस्ता चुकून हे पुढं बेकरीपाशी गेले आणि तिथं घंटा वाजवून आले. बेकरीवालीनं मला सांगितलं.”

“बेकरी?” ब्रेफो ताडकन पुढं झाले. “बेकरी तर आमच्या पस्तिसाव्या नाक्यावर आहे!”

कांकामचा चेहरा खर्रकन उतरला. “धूळ होती,” तो पुटपुटला. “पाव ताजे होते.”

नाना असियामा आता उघड उघड हसले. डोळे पुसत ते आपल्या काठीवाल्याच्या कानाशी बोलले, आणि काठीवाल्यानं जाहीर केलं, “नाना म्हणतात, यांचा दवंडीवाला आमच्या खिडकीखाली आला, आमचा यांच्या बेकरीत गेला. मेंढ्याला मेंढा वजा. घंटा परत द्या.”

कांकामनं घंटा दिली; देताना ती आपल्या शर्टाला पुसून दिली, हे आज्यार्कोंनी पाहिलं आणि मनात ठेवलं.

राहिली गल्ली. निवाडा असा झाला, की दोन्ही दवंडीवाल्यांनी बुधवारी तिथं एकत्र जायचं. प्रत्येक घरानं दोघांच्या समोर एकच गाव सांगायचं, आणि जे सांगेल त्याच्या सफाईला जायचं. बदलायचं असेल तर वर्षानं.

बुधवारी धूळ ओसरली होती. दोघं दारोदार फिरले. आज्यार्को पुढं, कांकाम धापा टाकत मागं. एका घरानं दवाखाना निवडला, दुसऱ्यानं शाळा. एका घरात नवरा असुफुआचा झाला आणि बायको क्वामेदासोची, कारण आठवड्यातून एक तरी सकाळ एकमेकांशिवाय मिळावी असं दोघांचंही मत पडलं. मालम इलियासूनं खड्डे सगळ्यात उशिरा कोण बुजवेल याची बारकाईनं चौकशी केली आणि मग असुफुआ सांगितलं.

एन्योनामनं दोघांना पाणी दिलं. “माझ्यापुढं दोन्ही गावांची नावं लिहा.”

“एकच सांगायचं आहे, बाई,” आज्यार्को म्हणाले.

“का? मंगळवारीही येते, गुरुवारीही येते. मयताला जायचे कपडे दोन्ही गावं शिवून घेतात ना? गवत कापताना शेजारी उभ्या राहिलेल्या बाईचं माप डोळ्यांनी घेता येतं. चार वर्षं मी काय घालवलं, ते मला रविवारी कळलं.”

यावर निवाड्यात काही तरतूद नव्हती. त्या नवराबायकोच्या घरासारखीच दोघांनी तिलाही आपापल्या बाजूला मोजली. क्वामेदासो तेहेतीस, असुफुआ तेहेतीस. घरं चौसष्ट.

“बेरीज चुकतेय,” कांकाम म्हणाला.

“चुकू दे. गाव वाढतंय म्हणू.”

गल्लीच्या पलीकडच्या टोकाला दोघं निरोप घ्यायला थांबले. तिथं, पायवाटेला लागून, एक माणूस दोरी ताणून जमिनीवर खुणा करत होता. बाजूला वाळूचा ट्रक रिकामा होत होता.

“दादा, नवीन?” आज्यार्कोंनी विचारलं.

“हो. कालच आलो, उत्तरेकडच्या ‘वा’ गावाहून. बायको, चार लेकरं, माझी आई, आणि मागून दोन भाऊ येतायत.” तो सरळ उभा राहिला आणि दोघांच्या हातांतल्या घंटा बघून जरा बावरला. “कुणाची परवानगी घ्यायची राहिली का? हे गाव कोणतं?”

नऊ माणसं. कांकामच्या तोंडून ‘अ’ निघायच्या आत आज्यार्कोंनी घंटा उचलली आणि आयुष्यातले सगळ्यात झटपट तीन टोले हाणले.